आधी काढा, मग टाका

गेल्या महिन्यात ट्रकमालकांच्या एका बैठकीला गेलो होतो. चहा-बिस्किटं झाल्यावर आमच्या धंद्यातले एक ज्येष्ठ ट्रान्सपोर्टर बोलायला उभे राहिले. माणूस मोठा. क्लीनर म्हणून सुरुवात केली, आज पदरी चाळीस गाड्या. त्यांचं म्हणणं असं की बीएस-सिक्सच्या गाडीला आता मिस्त्रीचं डोकं लागत नाही. स्कॅनर लावायचा, कोड बघायचा, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव असेल तो टाकायचा. दोन-तीन सेन्सर टाकूनही डॅशबोर्डवरचा दिवा गेला नाही आणि ‘सेन्सर सप्लाय व्होल्टेज लो’ असा कोड येतच राहिला, तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला समजायचा आणि तोही टाकायचा. वायरिंग उकलत बसणारा मिस्त्री गाडी दोन दिवस उभी ठेवतो, आणि उभी गाडी सेन्सरपेक्षा महाग पडते. टाळ्या पडल्या. मला उत्तर द्यायचं होतं, पण पुढचा विषय टोलचा होता, आणि टोल निघाला की आमच्या मंडळींना दुसरं काही ऐकू येत नाही.

म्हणून हे लिहून देतोय. मी वायरमन आहे; डिझेल इंजिनांच्या वायरिंगवर गेली सव्वीस वर्षं माझं घर चालतं. म्हणजे गाडी दोन दिवस उभी ठेवणारा त्यांच्या भाषणातला तो माणूस मीच. त्यामुळे माझ्या बोलण्याला स्वार्थाचा वास येईल, तो येऊ द्या. मीटरला मात्र वास येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं मीटरवर तपासता येतं.

शेठच्या भाषणातला एक शब्द मी मोजला. पाच मिनिटांत ‘टाकायचा’ आठ वेळा आला. आपल्या गॅरेजांची भाषाच ती आहे. नोझल टाकले, क्लच टाकला, सेन्सर टाकला. झिजणाऱ्या लोखंडाला ती शोभतेही. ब्रेकचं लायनर झिजलं तर ते टाकायचंच असतं, त्यात शोधायचं काय? पण पाच व्होल्टचा पुरवठा कमी पडण्याचा जो फॉल्ट आहे, त्याच्यापुरतं हे क्रियापद साफ उलटं आहे. हा फॉल्ट टाकून सापडत नाही, काढून सापडतो.

आता हे पाच व्होल्ट आहेत काय ते बघू. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची म्हणतात, पण ती चोवीसवर क्वचितच असते. सेल्फ मारताना वीसच्या खाली येते, इंजिन चालू होऊन चार्जिंग सुरू झालं की अठ्ठावीसवर जाते. असल्या हेलकाव्यावर ऑइलचं प्रेशर मोजणं म्हणजे रबराच्या टेपने जमीन मोजण्यासारखं. म्हणून ईसीएम स्वतःच्या पोटात नेमके पाच व्होल्ट तयार करतो आणि ते सेन्सरांना वाटतो. या पाचात फार हलायला जागा नसते. पुष्कळ इंजिनांच्या पुस्तकात ४.७५ ते ५.२५ एवढीच सूट दिलेली असते. आणि वाटतो म्हणजे खरोखर वाटतो. एकाच लाइनवर चार-पाच-सहा जण बसलेले असतात : इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर, ऑइल प्रेशर, रेल प्रेशर, ईजीआरच्या दोन बाजूंमधला प्रेशरचा फरक, क्रँककेसचं प्रेशर, कुठे कॅम-क्रँकचा हॉल सेन्सर. कोण कुठल्या लाइनवर, हे प्रत्येक इंजिनाला वेगळं. ईसीएम अशा दोन किंवा जास्त लाइनी काढतो, आणि त्यालाही कारण आहे. ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये एकच माप दोनदा घेतलेलं असतं, आणि त्या दोघांना शक्यतो वेगवेगळ्या लाइनवरून पाच व्होल्ट देतात. एक लाइन पडली तरी इंजिनाने आपल्या मनाने रेस घेऊ नये, यासाठी.

आता सेन्सर बोलतो कसा? तीन तारांचा प्रेशर सेन्सर कधी ‘इतके किलो प्रेशर’ असं बोलत नाही. तो रुपयात किती आणे ते सांगतो. त्याचा रुपया म्हणजे त्याला मिळालेले पाच व्होल्ट. शून्य प्रेशरला तो साधारण अर्धा व्होल्ट परत पाठवतो, पूर्ण प्रेशरला साडेचार. प्रेशर बरोबर निम्मं असेल तर अडीच व्होल्ट, म्हणजे आठ आणे. ईसीएम ते वाचतो आणि रुपया सोळा आण्यांचाच आहे असं धरून हिशोब करतो. समजा कुठल्या तरी कारणाने लाइन पाचावरून चारावर आली. सेन्सर अजूनही प्रामाणिक आहे. त्याच्या मते प्रेशर निम्मंच आहे, म्हणून तो चाराचे निम्मे, दोन व्होल्ट पाठवतो. ईसीएमच्या हिशोबात दोन व्होल्ट म्हणजे सहा आणे. ऑइलचं प्रेशर जागच्या जागी आहे, सेन्सर धडधाकट आहे, आणि पडद्यावर प्रेशर कमी. आता त्या लाइनवर बसलेल्या सहाही जणांचं असंच होणार. इनटेकचं प्रेशर कमी, रेलचं प्रेशर कमी, ईजीआरचा आकडा वेडावाकडा. लाइन आणखी खाली गेली की प्रत्येकाच्या नावाने एकेक कोड उभा राहतो, पिवळा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही, आणि ड्रायव्हर शेठला फोन लावतो.

शेठच्या पद्धतीत इथे सहा सेन्सरांची यादी हातात येते आणि पहिला सेन्सर टाकला जातो. मी म्हणतो, सहा जण एकाच वेळी आजारी पडले तर प्रत्येकाला गोळी देण्याआधी दुपारी सगळे कुठे जेवले ते विचारा. कोडच्या यादीत बहुधा तेही लिहिलेलं असतं, फक्त ते तिसऱ्या-चौथ्या ओळीला असल्यामुळे वाचलं जात नाही. कमिन्सच्या इंजिनांत ते ३५२ किंवा १८७ या आकड्याने येतं. पहिला सेन्सर सप्लाय क्रमांक एकचा, दुसरा क्रमांक दोनचा. लहान गाड्यांत पी ०६४२ किंवा पी ०६५२. ट्रकच्या प्रमाण भाषेत एसपीएन ३५०९ किंवा ३५१०, आणि पुढे एफएमआय ४. हा चार महत्त्वाचा. तीन असता तर व्होल्टेज जास्त, म्हणजे कुठून तरी बॅटरीचा करंट लाइनवर चढलाय. चार म्हणजे व्होल्टेज कमी, किंवा लाइन अर्थला टेकली आहे. यात कुठल्याही पार्टचं नाव नाही. ‘कोडमध्ये पार्टचं नाव असतं’ हा शेठच्या म्हणण्याचा पाया. तो इथेच ढासळतो. हा कोड लाइनची तक्रार आहे, आणि तो यादीत असेल तर बाकीच्या सहांकडे तो मिटेपर्यंत बघायचंही नाही.

यापुढची गोष्ट चांगल्या चांगल्या मिस्त्रींच्याही लक्षात येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. कमी व्होल्टेजचा कोड आला की आपला माणूस काय करतो? मीटर बीपवर ठेवतो आणि तार कुठे तुटली आहे का ते बघत सुटतो. या टोकाला एक पिन, त्या टोकाला दुसरी, बीप वाजला की तार चांगली. तासभर बीप ऐकतो, सगळ्या तारा चांगल्या निघतात, आणि शेवटी निकाल देतो : वायरिंग ओके, ईसीएम बाद.

पण बाबा रे, तार तुटल्याने हा कोड येतच नाही! ईसीएम आपला पुरवठा आपल्याच दारात मोजतो. दाराबाहेर सेन्सरकडे जाणारी तार कापून टाकली तरी दारातले पाच व्होल्ट पाचच राहतात. ज्याची तार कापली त्या एका सेन्सरचा कोड येतो, पुरवठ्याचा नाही. दारातलं व्होल्टेज खाली यायचं तर कोणी तरी ते खाली ओढायला हवं. एक तर कुठल्या सेन्सरच्या पोटात शॉर्ट झालेला असतो, नाही तर तार घासून इंजिनाच्या लोखंडाला टेकलेली असते, नाही तर कपलरमध्ये पाणी शिरून हिरवा गंज चढतो आणि दोन पिनांमध्ये गळती सुरू होते. तुटकी तार ओढत नाही. ओढते ती जोडली जाऊ नये तिथे जोडली गेलेली तार. बीप हा तुटलेपणाचा शोध आहे, आणि इथे दुखणं आहे नको त्या जोडीचं. प्रश्नच चुकीचा विचारला, मग मीटरने तरी बरोबर उत्तर कुठून द्यावं?

मग बरोबर शोध कसा घ्यायचा? काढत जाऊन. मीटर व्होल्टवर. त्याची एक सळई सेन्सरच्या पाच व्होल्टच्या पिनवर, दुसरी त्याच सेन्सरच्या रिटर्नवर. चॅसीवर नको, बॅटरीच्या मायनसवर नको. ईसीएमचा अर्थ खराब असेल तर चॅसीवरून घेतलेला आकडा थाप मारतो. सेन्सरला खरोखर काय मिळतंय ते त्याच्या स्वतःच्या रिटर्नवरच कळतं. पिनेला मागून, कपलरच्या मागच्या भोकातून हात घाला. तारेच्या रबराला टोचू नका. ते भोक तुम्ही विसराल, पुढचा पावसाळा विसरत नाही. आणि बल्बचा टेस्टर तर खिशातच ठेवा. तो खेचेल तेवढा करंट द्यायला ही लाइन बनवलेलीच नाही, त्यामुळे चांगली लाइनही तो खाली पाडून दाखवेल.

समजा मीटर १.९ दाखवतो. चावी बंद, एका सेन्सरचा कपलर काढा, चावी चालू, मीटर बघा. अजून १.९? तो कपलर तसाच राहू द्या, दुसरा काढा. तिसरा काढा. चौथा काढल्यावर मीटर टुणकन पाचावर आला तर गुन्हेगार हातात आहे. तो सेन्सर, किंवा फार तर त्याच्या कपलरमधलं पाणी. काढलेल्या प्रत्येक सेन्सरचा नवा कोड दिसेल, त्याला घाबरायचं नाही. तुम्हीच काढलाय, ईसीएम तो सापडला नाही म्हणणारच. शेवटी सगळे पुसायचे. सुरुवात कुठून करायची? एक्झॉस्टला लागून जे आहेत, इंजिनाच्या खालच्या अंगाला जे धुताना प्रेशरच्या पाण्याखाली येतात, आणि सगळ्यात आधी, जिथे नुकताच पाना लागला आहे. ड्रायव्हरला विचारण्यासारखा एकच प्रश्न असतो : दिवा लागायच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय झालं? बॉडीबिल्डरने केबिनमध्ये स्क्रू मारला, जीपीएसवाल्याने कुठल्या तरी तारेला चिमटा लावला, कोणी टर्बो उतरवून परत चढवताना हार्नेसचा क्लॅम्प लावायचा विसरला. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक केसचं उत्तर या एका प्रश्नातच मिळालं आहे. आमच्याकडच्या उंदरांचा उल्लेख केला नाही तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. गोडाऊनजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्यांचं काम नेटकं असतं.

दोन तारांच्या टेम्परेचर सेन्सरांच्या नादी मात्र लागू नका. कूलंटचा, इनटेकच्या हवेचा असे जे थर्मिस्टर असतात, त्यांना पाच व्होल्ट मिळतात ते ईसीएमच्या आतल्या रेझिस्टरमधून, या सामायिक लाइनवरून नाही. ते काढले काय आणि ठेवले काय, आपल्या मीटरला फरक पडत नाही. एका पोराने कूलंटचा सेन्सर काढून बघितला, व्होल्टेज वर आलं नाही, म्हणून ‘सेन्सर काढायची ट्रिक फेल आहे’ असं मला ठासून सांगितलं होतं. ट्रिक फेल नव्हती, पोराने शेजारच्या घराची बेल दाबली होती.

सगळे काढूनही मीटर खालीच राहिला तर लाइनवरची माणसं निर्दोष, आता हार्नेस. इथे ओहमवर यायचं, पण बॅटरी सोडवून, सगळे सेन्सर निघालेले ठेवून आणि ईसीएमचा कपलरही काढून. एकही सेन्सर लागलेला राहिला तर त्याच्या आतून मीटर काही तरी आकडा दाखवतो आणि माणूस त्या आकड्याच्या मागे दिवसभर फिरतो. नुसत्या हार्नेसमध्ये सप्लायची तार आणि इंजिनाचं लोखंड यांच्यात एक लाख ओहमच्या वर यायला हवं. दोनशे-चारशे आले तर तार कुठे तरी टेकली आहे. मग हार्नेस हाताने हलवत जायचं, मीटर कुठे नाचतो ते बघत.

आणि आता ईसीएम. शेठ त्याच्यावर सगळ्यात आधी पोचतात, मी सगळ्यात शेवटी. ज्या ईसीएमला गाडीचा आणि इंजिनाचा प्लग वेगळा असतो, तिथे इंजिनाचा प्लग काढून चावी चालू करायची आणि ईसीएमच्या उघड्या पिनवर मोजायचं. वेगळा नसेल तर ती एकच पिन कपलरमधून मागे सरकवायची. तिथे पाच आले, तर ईसीएम निर्दोष. बाहेर काहीही लागलेलं नाही, त्याला मिळणारी बॅटरी आणि अर्थ दोन्ही ठीक आहेत, आणि तरी पाच येत नाहीत, तरच ईसीएम दोषी. त्याला दोषी ठरवणारी ही एकच चाचणी आहे. शेठच्या ‘दोन सेन्सर टाकूनही दिवा गेला नाही’ या पुराव्यावर कुठल्याही कोर्टाने कोणाला आत टाकलं नसतं.

शिवाय ईसीएम बनवणाऱ्यांना माहीत असतं की तारा घासणार, पाणी शिरणार. म्हणून या लाइनवरचा करंट आतच मर्यादित केलेला असतो. लाइन अर्थला टेकली की व्होल्टेज पडतं, कोड उठतो. टेकलेलं सुटलं की पाच परत येतात. पडलेली लाइन म्हणजे मेलेला ईसीएम नव्हे, उलट पुष्कळदा तो स्वतःला वाचवत असतो. आणि दुसऱ्या गाडीचा ईसीएम ‘लावून बघू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तो नुसता डबा नसतो. त्यात त्या इंजिनाचं कॅलिब्रेशन असतं, कॉमन रेलच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा कोड भरलेला असतो. डबा बदलला की ते सगळं भरावं लागतं, आणि टेकलेली तार आपली जागच्या जागी टेकलेलीच असते.

इथपर्यंत मी फार शहाण्यासारखं बोललो. आता माझीच एक गोष्ट. वाघोलीकडच्या एका खडी क्रशरवरचा टिपर. तासभर भरून चालला की दिवा लागायचा, माझ्या शेडमध्ये येईपर्यंत दिवा गुल आणि मीटरवर ५.०२. तीनदा आला, तिन्ही वेळा ५.०२. मी सगळे कपलर काढले, लावले, हार्नेस हलवला, काही नाही. चौथ्या वेळी कंटाळून मीच म्हणालो, ईसीएममध्येच आत कुठे तरी गरम झाल्यावर जातंय. मालकाने ईसीएम आणला. दिवा पाचव्या वेळी लागला.

तेव्हा मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सप्लाय आणि रिटर्नच्या मागे दोन लांब तारा लावल्या, त्या केबिनमध्ये आणल्या, मीटर किमान-कमाल टिपण्यावर ठेवला आणि भरलेल्या टिपरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. चाळीस मिनिटं पाच. मग चढ लागला, एक्झॉस्ट तापलं, आणि मीटरने १.८ टिपला. गाडी कडेला घेतली, हात भाजत ईजीआरच्या प्रेशरफरकाच्या सेन्सरचा कपलर काढला. पाच. लावला, १.८. सेन्सर थंड झाल्यावर परत नव्यासारखा. आत कुठे तरी एक पट्टी गरम झाल्यावरच टेकायची. ईसीएमचे पैसे मालकाने माझ्याकडे मागितले नाहीत, पण त्यानंतर त्याचा फोनही आला नाही. ही चूक मी शेठच्याच पद्धतीने केली होती, हे मला मान्य करायला हवं. सापडत नाही म्हणजे ईसीएम, असं मीही म्हणालो होतो. चूक शोधण्याच्या पद्धतीत नव्हती. मी थंड गाडीला गरम गाडीचा प्रश्न विचारत होतो.

राहिला वेळ. शेठचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो खोटा नाही. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही. पण हिशोब पूर्ण करू. आठ-दहा कपलर एकेक करून काढणं आणि मीटर बघणं, हे काम जागा अडचणीची नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं. सेन्सर मागवून तो येईपर्यंत, टाकेपर्यंत आणि दिवा परत लागेपर्यंत बहुधा एक दिवस. दोन सेन्सरांना दोन दिवस. ईसीएमला आठवडाही लागतो. आणि काउंटरवर लावलेली पाटी सगळ्यांना पाठ आहे : इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही. गाडी उभी कोण ठेवतं, ते यावरून ठरवा. टिपरसारख्या अधूनमधून येणाऱ्या फॉल्टला वेळ लागतो, हे कबूल. पण तिथे टाकण्यालाही तितकाच लागतो, वर माल वाया.

या वादात दुसरी एक बाजू आहे, ती शेठची नाही, पण तिला सोडून दिलं तर माझ्यावर पक्षपाताचा आरोप होईल. ती आमच्याच मिस्त्री बांधवांची. म्हणे लाइन पडते ना, मग बाहेरून पाच व्होल्ट देऊ. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला काही रुपयांचा ७८०५ रेग्युलेटर, त्याला चोवीस व्होल्ट जोडायचे, बाहेर पाच, ते सेन्सरला. दिवा गेला, मिस्त्री हुशार. असा जोड मी डोळ्यांनी पाहिला आहे, नीट इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवलेला. तो रेग्युलेटर ज्या दिवशी आतून सरळ होईल त्या दिवशी चोवीस व्होल्ट त्या लाइनवर येतील, आणि लाइनवर रेल प्रेशरचा सेन्सर असेल तर हजारबाराशे बारच्या डिझेलचा हिशोब त्याच्या भरवशावर चाललेला असतो. शेठ निदान नवा माल तरी टाकतात. यांनी टाइमबॉम्ब टाकला.

पण शेठच्या भाषणातली सगळ्यात खरी गोष्ट त्यांनी बोलूनही दाखवली नाही. मिस्त्री टाकतो, कारण मालक टाकण्याचेच पैसे देतो. दोन तास शोधून मी एक पिन साफ केली आणि क्लॅम्प लावला, तर प्रश्न येतो, ‘काहीच टाकलं नाही, मग पैसे कशाचे?’ सेन्सर टाकला की त्याच्यावर माझं कमिशन निमूट दिलं जातं. आपल्याकडे विहीर खणण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तो हातावर नारळ ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथे खणा, आणि पाणी लागो न लागो त्याची दक्षिणा त्याच्या हातात पडते. नारळावर विश्वास आहे, मीटरवर नाही. असल्या हिशोबात हुशार पोरगा काढायला का शिकेल? तो टाकायलाच शिकतो. मग मालक म्हणतात, आता मिस्त्रीचं डोकं लागत नाही.

आणि शोधायला वायरिंगचा नकाशा लागतो. कुठल्या लाइनवर कोण बसलंय ते त्यावरच असतं. रस्त्यावरच्या गॅरेजला तो सरळ मार्गाने मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून ठेवली म्हणूनच. पुढे कोर्टकज्जे झाले, ते आपल्याकडे होतातच. पण बैठकीत ठराव करायचाच असेल तर ‘आम्हाला नकाशे द्या’ असा करा. चाळीस गाड्यांच्या मालकाच्या सहीला वजन असतं, माझ्या सहीला नाही.

बैठकीनंतर आठवड्याने त्याच शेठच्या मुनीमाचा फोन आला. एक गाडी यार्डात उभी, तीन नवे सेन्सर टाकलेले, दिवा तसाच, ईसीएमचं कोटेशन टेबलावर. मी विचारलं, जुने सेन्सर आहेत का? केबिनमध्ये एका कापडी पिशवीत होते. टर्बोच्या कामानंतर हार्नेस परत बांधताना एक क्लॅम्प राहिला होता, आणि तार ब्रॅकेटच्या कडेवर घासत होती. तांबं दिसत होतं, बोटभर. तार दुरुस्त केली, क्लॅम्प लावला, आणि शेठसमोर तीनही जुने सेन्सर परत बसवले. मीटर ५.०१. शेठ काही बोलले नाहीत, चहा मागवला.

बिल करताना अडचण आली. माझ्या बिलबुकात ‘माल’ आणि ‘मजुरी’ असे दोनच रकाने. मालाच्या रकान्यात एका क्लॅम्पचे पैसे, मजुरीत तार जोडल्याचे, आणि दोन तास शोधल्याचे कुठे लिहायचे? पेनाने तिसरा रकाना आखला आणि लिहिले. शेठने बराच वेळ त्या रकान्याकडे बघितलं आणि पैसे दिले. परवा नवं बिलबुक छापायला टाकलं. छापखानावाला म्हणाला, तिसऱ्या रकान्याला नाव काय देऊ? मी म्हटलं, ‘शोध’. तो म्हणाला, शोधाचे पैसे कोणी देत नाही हो, ‘तपासणी’ लिहू या. तपासणी छापून आलंय.